घड्याळाचा पट्टा

छत्रपती संभाजीनगरात शहागंजला घड्याळाचा जुना मनोरा आहे. त्याच भागातील एका लहानशा दुकानात एक मुलगा धापा टाकत आला. त्याच्या मुठीत आजोबांचे एच.एम.टी. घड्याळ होते. सायकलवरून येताना ते मनगटावरून निसटून पडले होते. काच तडकली होती.

"चाचा, पट्टा तर स्टीलचा आहे. मग तुटला कसा?" त्याने रडवेल्या आवाजात विचारले.

चाचांनी डोळ्याला भिंग लावले. "बेटा, पट्टा शाबूत आहे. त्याला घड्याळाशी जोडणारी ही बारीक पिन झिजून तुटली."

मग त्यांनी समजावून सांगितले. स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडाबरोबर किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. हवेतील प्राणवायूमुळे त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. ओरखडा पडला तरी हा थर पुन्हा बनतो. म्हणून ते सहसा गंजत नाही. काही स्वस्त पट्टे मात्र पितळेचे असतात. त्यांवरचा मुलामा घामाने उडतो.

"पण स्टीलही झिजते," चाचा म्हणाले. "कड्यांच्या फटीत धूळ आणि घाम साचतो. ती धूळ कानशीसारखी पिना घासते. मग पट्टा सैल होऊन लोंबतो. लॉकही रोजच्या उघडझापीने झिजते. लावताना 'टक्' असा आवाज आला नाही, तर ते लगेच दाखवावे. पट्टा घड्याळापासून काढून कोमट पाण्यात साबण घालून मऊ ब्रशने धुवावा व कोरडा पुसावा."

बंगळूरच्या कारखान्यात १९६१ पासून एच.एम.टी.ची घड्याळे बनू लागली. जानेवारी २०१६ मध्ये एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. जुनी घड्याळे जपली, तरच टिकतील.

चाचांनी नवी पिन बसवली. घड्याळ टिकटिक करत होते.

"काच उद्या बसवीन. आज अब्बांना खरे सांग," ते म्हणाले.

मुलाने मान हलवली. तो घरी निघाला, तेव्हा घड्याळ मनगटावर नव्हते, खिशात रुमालात गुंडाळलेले होते.

शब्दार्थ : शाबूत – न तुटलेला, मुलामा – वरून दिलेला धातूचा थर, कानस – धातू घासण्याचे हत्यार.

स्वाध्याय
१. घड्याळ कशामुळे पडले?
२. स्टेनलेस स्टील सहसा का गंजत नाही?
३. मुलाने घड्याळ रुमालात का गुंडाळले असेल?
४. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूविषयी पाच वाक्ये लिहा.