आधी ओळख, मग रंग

आईवडिलांच्या लोखंडी ट्रंकेतून खेळण्यातली जुनी आगगाडी निघाली, की घरात पहिला विषय निघतो तो रंगाचा. गंज घासून काढू, नवा रंग देऊ, पुन्हा झळकेल! माझा अनुभव उलटा आहे. पन्नास-साठ वर्षांच्या गंजाने होत नाही तेवढं नुकसान एका दुपारच्या पॉलिश पेपरने होतं, कारण गाडी कोणाची आणि कधीची, हे सांगणाऱ्या खुणा बहुतेक तिच्या रंगातच असतात. चंडीगडकरांना तर हे वेगळं सांगावं लागू नये. शहराच्या उभारणीतले वास्तुविशारद पिअर जानरे यांच्या काळातल्या सागवानी-वेताच्या खुर्च्या इथल्या कचेऱ्यांनी भंगारात काढल्या, लिलावात त्या कवडीमोलाने गेल्या. परदेशात त्यांना लाखोंचा भाव येऊ लागला, तेव्हा कुठे २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने विक्रीवर आणि निर्यातीवर बंधन आणलं. खुर्ची कोणत्या खात्यातली, हे सांगणारी अक्षरं आणि आकडे तिच्या लाकडावर रंगाने छापलेले असत. सुताराने घासून नवं पॉलिश चढवलं की खुर्ची देखणी होते, पुरावा भुशात जातो, आणि अस्सल-नक्कल ठरवायला विकणाऱ्याचा शब्द तेवढा उरतो.

आगगाडीचंही तेच. आधी पट्टी घेऊन दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा. ३२ मिलिमीटर भरलं तर ती ‘ओ’ मापाची. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९२० पासून काढलेल्या हॉर्नबीच्या चावीच्या गाड्या याच मापाच्या. १६.५ भरलं तर ‘ओओ’ किंवा ‘एचओ’. मध्ये तिसरा रूळ दिसला तर जपून. १९३८ साली आलेली हॉर्नबी डब्लो तीन रुळांची, १२ व्होल्ट डीसीवर चालणारी; जर्मन मार्कलिनही तीन रुळांची, पण एसीवर चालणारी. मार्कलिनचा ट्रान्स्फॉर्मर डब्लोला जोडला तर इंजिन धावत नाही, नुसतं गुणगुणत तापतं. मग बाजूची अक्षरं वाचा. ब्रिटनच्या रेल्वे कंपन्या १ जानेवारी १९४८ रोजी सरकारी झाल्या, म्हणून ‘ब्रिटिश रेल्वेज’ लिहिलेली गाडी त्यानंतरचीच. ‘एलएमएस’ किंवा ‘एलएनईआर’ अशी त्या जुन्या कंपन्यांची अक्षरं असतील तर मात्र लगेच १९४८ पूर्वीची म्हणून मोकळे होऊ नका. खेळण्यांवर जुनी नावं पुढेही काही वर्षं राहिली. हा सगळा निवाडा एका पातळ छाप्यावर उभा असतो, आणि थिनरचा एक बोळा तो पुसून टाकतो.

यावर कोणी म्हणेल, हे खेळणं आहे, चालायलाच हवं. मान्य. जवळच्या कालक्याहून शिमल्याला १९०३ पासून जाणाऱ्या गाडीचंच बघा: वाफेच्या इंजिनांच्या जागी डिझेल आली, डबे बदलले, तरी २००८ साली युनेस्कोने हा मार्ग जागतिक वारशात घेतलाच. पण तिथे वारसा आहे तो मार्गाचा, बोगद्यांचा, दगडी कमानींच्या पुलांचा. खेळण्यात तो पत्र्याचा आणि रंगाचा असतो. म्हणून झिजण्यासाठीच बनवलेलं, म्हणजे वायर, दिवा, कार्बन ब्रश, खुशाल बदला. कारखान्यात चढवलेला रंग ठेवा. ‘आमच्या गाडीला कुठे लाख मिळणार आहेत?’ हा दुसरा आक्षेप. बहुधा नाहीच मिळणार. पण वडिलांच्या हातची गाडी म्हणून जिला जपायचं, तिच्यावर त्यांच्या हाताळण्याच्या खुणाच नसतील तर जपलं काय? रंग पार उडून पत्र्याला भोकं पडली असतील, तर फोटो काढून ठेवून जरूर रंगवा.

बाकी काम थोडं आहे. मऊ ब्रशने धूळ झाडा, आसांना शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब द्या. पत्र्याचे रूळ पॉलिश पेपरने घासू नका. वरचा कथलाचा थर गेला की इथल्या पावसाळ्यात गंज आणखी जोमाने धरतो. जस्ताच्या ओतीव भागाला फुगून तडे गेले असतील, तर धातूत शिशासारखी भेसळ होती असं समजा. त्यावर इलाज नाही. चावीच्या स्प्रिंगचं घर स्वतः उघडू नका, ती सुटली तर हात कापते. जुन्या घड्याळजीकडे न्या. जुन्या वायरवरचं रबर भुगा झालेलं असतं, तेव्हा प्लग लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. ट्रान्स्फॉर्मरवरची पट्टी वाचा: अमेरिकेहून आणलेल्या लायनेल गाडीचा ट्रान्स्फॉर्मर ११५ व्होल्टच्या आसपासचा असतो, आपल्या २३० वर तो जळतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून ही गाडी तान्ह्यांच्या तोंडाशी जाऊ देऊ नका. नातवंडांना खेळायला नवी, स्वस्तातली आणा, आणि पुण्याला गेलात तर कोथरूडचं भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय दाखवा. आणि आईवडील हयात असतील तर रंगाच्या दुकानात जाण्याआधी त्यांना विचारा: गाडी कोणी आणली, कुठून, कोणत्या साली. उत्तर कागदावर लिहून गाडीच्या खोक्यातच ठेवा.