रुळांचे वळण आणि वर्गमूळाचे व्यस्त फलन

आजच्या छत्तीसगड राज्यातील भिलाई येथे सोव्हिएत संघाच्या साहाय्याने पोलादाचा कारखाना उभारण्यात आला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. भारतीय रेल्वेचे रूळ तयार करणारा कारखाना म्हणून तो सर्वत्र परिचित आहे. कारखान्यातून रूळ सरळ बाहेर पडतो. परंतु मार्गावर त्याला वळावे लागते. वळणाची त्रिज्या जितकी लहान, तितका गाडीचा सुरक्षित वेग कमी.

रेल्वे अभियांत्रिकीच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत रुंदमापी मार्गाच्या वळणासाठी पुढील सूत्र आढळते. सरळ मार्ग व वळण यांच्यामध्ये क्रमाक्रमाने वाकत जाणारा संक्रमण वक्र असावा आणि वेग ताशी सुमारे १०० किलोमीटरच्या आत असावा, हे त्यात गृहीत आहे.

व = ४.३५ √(त − ६७)

येथे त ही मीटरमधील त्रिज्या व व हा ताशी किलोमीटरमधील वेग होय. ऋण संख्येला वास्तव वर्गमूळ नसल्यामुळे त ची किंमत ६७ हून कमी घेता येत नाही. त = ४६७ असल्यास ६७ वजा करून ४०० उरतात; त्यांचे वर्गमूळ २०; त्यास ४.३५ ने गुणून वेग ८७ येतो.

मार्गाची आखणी करणाऱ्याचा प्रश्न मात्र उलटा असतो : वेग ठरलेला आहे, तर त्रिज्या किती हवी? याचे उत्तर व्यस्त फलन देते. मूळ फलनात ज्या क्रिया झाल्या, त्यांच्या उलट क्रिया उलट क्रमाने करावयाच्या. प्रथम ४.३५ ने भागावे, नंतर वर्ग करावा, शेवटी ६७ मिळवावेत.

त = (व ÷ ४.३५)² + ६७, व ≥ ०

पडताळा : ८७ ÷ ४.३५ = २०; २० चा वर्ग ४००; ४०० + ६७ = ४६७.

‘व ≥ ०’ ही अट केवळ शोभेची नव्हे. वर्ग केल्याने चिन्ह नाहीसे होते. −८७ घातले तरी ४६७ च मिळतात. परंतु मूळ फलनातून ऋण वेग कधीच बाहेर पडत नाही. मूळ फलनाच्या उत्तरांना जी मर्यादा, तीच व्यस्त फलनाच्या प्रांताला लागू होते. ही अट गाळली तर जे उरते ते निराळेच फलन होय.

आता ताशी ४३.५ किलोमीटर वेगाला लागणारी त्रिज्या काढली, तर ती १६७ मीटर येते. वेग दुप्पट करावयाचा म्हणून कोणी त्रिज्याही दुप्पट, म्हणजे ३३४ मीटर ठेवली, तर सूत्रानुसार तेथे सुमारे ७१ किलोमीटरच वेग चालेल; ८७ च्या वेगाने येणारी गाडी मर्यादा ओलांडील. दुप्पट होते ते वर्गमूळ. म्हणून (त − ६७) चौपट व्हावयास हवे. प्रत्यक्ष आखणीत आज बाहेरच्या रुळाला दिलेली उंचीही हिशेबात घेतात. परंतु तेथेही वेग त्रिज्येच्या वर्गमूळाप्रमाणेच वाढतो.

अभ्यास
१. ताशी ६५.२५ किलोमीटर वेगासाठी त्रिज्या काढा.
२. त्रिज्या ३२३ मीटर असता वेग काढा व व्यस्त फलनाने पडताळा पाहा.

उत्तरे : १. २९२ मीटर. २. ताशी ६९.६ किलोमीटर.