अ‍ॅक्युपंक्चर : सुई शरीरात काय करते?

'अ‍ॅक्युपंक्चर' हा शब्द लॅटिन भाषेतील 'आकुस' म्हणजे सुई आणि 'पुंक्तुरा' म्हणजे टोचणे यांपासून तयार झाला आहे. चीनमध्ये ही पद्धती दोन हजारांहून अधिक वर्षे प्रचारात आहे. केसासारख्या बारीक, भरीव सुया शरीरावरील ठराविक बिंदूंत टोचून २० ते ३० मिनिटे ठेवणे, अधूनमधून फिरवणे किंवा त्यांतून सौम्य वीजप्रवाह सोडणे, एवढाच उपचाराचा बाह्य भाग होय.

बौद्ध वाचकाला या विषयात आणखी एक गोडी आहे. भगवान बुद्धांचे वैद्य जीवक यांची कथा पाली विनयपिटकाच्या महावग्गात येते. तेथे तक्षशिलेतील सात वर्षांचे शिक्षण आहे, राजगृहाच्या श्रेष्ठीच्या मस्तकावरील शस्त्रक्रिया आहे. सुया मात्र नाहीत. पुढे ही कथा चीनमध्ये गेली आणि तेथील ग्रंथात जीवक जन्मतःच हातात सुया व औषधांची पिशवी घेऊन आले, असे वर्णन आले. तेव्हा अ‍ॅक्युपंक्चर मूळचे आपलेच, असे सांगण्याची घाई करू नये. धम्माबरोबर आलेल्या वैद्याला चिनी लोकांनी आपल्या वैद्याचे रूप दिले, हीही काही कमी अभिमानाची गोष्ट नाही.

प्राचीन चिनी वैद्यांच्या मते शरीरात 'छी' ही प्राणशक्ती ठराविक मार्गांनी वाहते व ती अडली की रोग होतो. शवविच्छेदनात असे मार्ग आढळलेले नाहीत. मग गुण का येतो? सुई आत गेली की रुग्णाला तेथे जड, ठणकल्यासारखे वाटते. स्नायूंतील मज्जातंतू ही वार्ता मज्जारज्जूकडे व तेथून मेंदूकडे नेतात. मेंदू एंडॉर्फिन नावाची द्रव्ये सोडतो. ती अफूप्रमाणे वेदना शमवतात, पण शरीराने स्वतःच तयार केलेली असतात. १९७० च्या दशकातील प्रयोगांत अफूचा परिणाम रोखणारे नॅलोक्झोन हे औषध दिल्यावर सुईचाही परिणाम घटलेला दिसला. २०१० साली अमेरिकेतील रोचेस्टर येथील संशोधकांना उंदरांमध्ये सुई फिरवल्यावर त्या जागी अ‍ॅडेनोसिन हे वेदनाशामक द्रव्य वाढलेले आढळले.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना आराम होता. नेहमीची औषधे व व्यायाम घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के लोकांना. मात्र ज्यांना मुद्दाम भलत्याच जागी, वरवर सुया टोचल्या, त्यांच्यातही ४४.२ टक्के लोकांना आराम वाटला! म्हणजे नेमक्या बिंदूंचा महिमा सांगितला जातो तेवढा नसावा. टोचणे, विसावा, आपुलकीचा हात व विश्वास यांचाही वाटा मोठा असावा. आराम मात्र खरा होता. वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या गिळून मूत्रपिंड खराब करून घेणाऱ्या कष्टकरी माणसाला हे कमी मोलाचे नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवरही मनगटाच्या आतील बाजूच्या बिंदूचा उपयोग होतो.

येथेच सावध राहावे लागते. वेदना शमणे आणि रोग बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मणक्याच्या क्षयाचे जंतू सुईने मरत नाहीत. छातीतून डाव्या हाताकडे जाणारी कळ हृदयविकाराची असू शकते. तिला सुई नव्हे, तातडीने इस्पितळ हवे. मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत. सुई दरवेळी नवी, पाकिटबंद असावी, नाहीतर काविळीचा हिपॅटायटिस 'बी' एकाकडून दुसऱ्याकडे जातो. छातीवर खोल टोचल्यास फुप्फुसाला इजा होते. गरोदर स्त्रियांनी व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ते आधी सांगावे. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारण्यात संकोच कसला?

विहारात शिबिर भरवताना कार्यकर्त्यांनी सुयांच्या टेबलाआधी रक्तदाब, साखर व वजन तपासणारे टेबल मांडावे. ज्याची कंबर दोन-तीन महिने दुखते, संध्याकाळी ताप येतो आणि वजन उतरते, त्याला सुईच्या रांगेत उभे न करता थुंकी व एक्स-रे तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात पाठवावे.