शाकाहारी ताट आणि थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. कुठे मराठी अडखळलं तर सांभाळून घ्या. विषय मात्र अगदी आपल्या मेसमधला आहे. "आपण शुद्ध शाकाहारी, आपलं वजन कशाला वाढतंय?" हे वाक्य होस्टेलमध्ये आणि घरीसुद्धा इतक्यांदा ऐकलं, की शेवटी कागद-पेन्सिल घेऊन हिशोबालाच बसले.

आत आलेली ऊर्जा वजा बाहेर गेलेली ऊर्जा म्हणजे साठलेली ऊर्जा. हा नियम आपण परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतो आणि पेपर संपला की विसरतो. शरीर काही विसरत नाही! कॅलरी कोंबडीतून आली की बटाट्यातून, त्याला फारसा फरक पडत नाही. पिष्टमय पदार्थाचा एक ग्रॅम ४ किलोकॅलरी देतो, प्रथिनांचाही ४, आणि तेल-तुपाचा ९. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या कोष्टकात बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला सुमारे २१०० आणि ५५ किलोच्या स्त्रीला १६६० किलोकॅलरी लागतात असं दिलंय. आपण दिवसभर लेक्चरला बसतो आणि रात्री असाइनमेंट उतरवतो, म्हणजे बैठेच की!

आता उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. एका भरलेल्या ताटलीत ७५ ग्रॅम साबुदाणा, म्हणजे साधारण २६५ किलोकॅलरी. ३० ग्रॅम दाण्याचा कूट, १७०. आणि चांगलं सढळ हाताने घातलेलं तूप, २५ ग्रॅम धरलं तरी २२५. बेरीज ६६०! 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणणारे लोक कॅल्क्युलेटरशिवायच बरोबर होते. त्यातली प्रथिनं जेमतेम ७-८ ग्रॅम, आणि तीही जवळजवळ सगळी दाण्यांची. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. चहाचंही तेच. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे ५० ग्रॅम साखर, २०० किलोकॅलरी. सबमिशनच्या आठवड्यात पाच कपांवर कोण थांबतं?

हे सगळं मी एवढं मनावर घेतलं त्याला कारण आहे. गेल्या वर्षी बाबांना डायबेटिस निघाला. वय ४८, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६६ किलो. आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही, सिगरेट नाही, दारू नाही. घरी जो तो विचारत होता, "यांना कसा काय?" बीएमआय काढला तर २३.४. पाश्चात्त्य तक्त्यात २५ पर्यंत सगळं आलबेल, पण भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २३ लाच ओढलेली आहे. का, ते समजून घ्यायला एक फोटो पुरतो. २००४ साली पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिनसाहेबांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांच्या २१.२ टक्के! म्हणजे आपण बाहेरून बारीक दिसतो, पण आत स्नायू कमी आणि चरबी जास्त, त्यातही पोटाभोवती. म्हणून वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेपही महत्त्वाची. पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा, बायकांचा ८० च्या. बाबांचा ९४ होता.

डॉक्टरांनी बाबांना पोळी-भात सोडायला सांगितलं नाही. पाच पोळ्यांच्या तीन केल्या, उसळीची वाटी दुप्पट केली, चहातली साखर बंद आणि जेवणानंतर रोज चालणं. सहा महिन्यांत वजन तीनच किलो उतरलं, पण घेर ९० वर आला. गोळी चालू आहे. आई मात्र अजून म्हणते, "अहो, एक तरी पोळी घ्या ना!"

उसळ का वाढवली? कारण शाकाहारी ताटात लंगडी बाजू प्रथिनांची असते. किलोमागे ०.८३ ग्रॅम या हिशोबाने ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम लागतात. ५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ ११-१२ ग्रॅम देते, दोन वेळचं घट्ट वरण १४, पाच पोळ्या साधारण १८, मोठा ग्लास दूध ८, मूठभर फुटाणे ६. झाले की ५० च्या वर, आणि तेही पावडरचा महागडा डबा न घेता! अट एकच, वरण घट्ट हवं. आपल्या मेसच्या पातेल्यात सेडिमेंटेशन झालेलं असतं, डाळ तळाशी आणि वर हळदीचं पाणी. म्हणून मी रोज म्हणते, "काका, खालून ढवळून वाढा ना." काकांना आता सवय झालीये. पनीरचं मात्र जरा जपून, त्यात प्रथिनांइतकीच चरबीही येते, आणि वर मेसची ग्रेव्ही असतेच.

गॅदरिंग जवळ आलं की आमच्या विंगमध्ये काकडी आणि ब्लॅक कॉफीवर जगणाऱ्या मुली दिसायला लागतात. पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो, पण त्यात बरंचसं पाणी असतं, आणि प्रथिनं नसली की पाठोपाठ स्नायूही जातात. ते आधीच आपल्याकडे कमी. काही जणी तर वजनासाठी दूध-दहीही बंद करतात. शाकाहाऱ्यांना बी-१२ मुख्यतः तिथूनच मिळतं. ते फार कमी झालं तर रक्त कमी होतं, हातापायांना मुंग्या येतात. एका चाचणीत कळतं, करून घ्या.

आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरवायला रोज सुमारे ५०० किलोकॅलरींची तूट पुरते. चहातली साखर २००, संध्याकाळचा वडापाव सुमारे ३००. तोच वडापाव चालून जिरवायचा तर ६० किलोच्या माणसाला सहा किलोमीटर! गॅदरिंगला अजून सहा आठवडे आहेत. हिशोब तुम्हीच करा.