टॅग बदलताना प्रोग्राम हँग होतो

प्रश्न : भजनांच्या एमपी३ फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत. सगळ्या एकदम निवडून अल्बमचं चित्र घातलं की टॅग बदलायचा प्रोग्राम हँग होतो. काय करू?

उत्तर : बहुतेक वेळा तो अडकलेला नसतो, लिहीत असतो. एमपी३मध्ये आयडी३व्ही२ टॅग फाइलच्या सुरुवातीलाच असतो आणि त्यामागे सहसा थोडी मोकळी जागा राखलेली असते. गायकाचं नाव बदललंत तर ते तिथे मावतं. दोन एमबीचं चित्र मावत नाही; मग अख्खी फाइल नव्याने लिहावी लागते, तीही प्रत्येक गाण्याची. तेव्हा घाईने टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम बंद करू नका, लिहिली जात असलेली फाइल खराब होऊ शकते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर थांबा.

पुढच्या वेळी फाइल्स संगणकाच्या आतल्या डिस्कवर कॉपी करा, चित्र ६०० बाय ६०० पिक्सेलचं जेपीईजी करा, एकेक अल्बम घ्या. तरीही दरवेळी त्याच ठिकाणी गाडी अडली, तर एखादी फाइल खराब असण्याची शक्यता मोठी. यादी अर्धी-अर्धी करत गेलात, तर हजारातली ती एक दहा फेऱ्यांत सापडते. मूळ संग्रहाची प्रत काढल्याशिवाय मात्र एकाही टॅगला हात लावू नका. जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हा मिळतीलच असं नाही.