सिलिंडरवरील अक्षर काय सांगते?

घरच्या गॅस सिलिंडरच्या वरच्या कड्याखाली उभ्या पट्ट्या असतात. त्यांपैकी एकीवर, समजा, ‘बी-२७’ असे लिहिले आहे. ए, बी, सी, डी ही वर्षाच्या चार तिमाहींची अक्षरे. म्हणजे २०२७ च्या जूनअखेरपर्यंत या सिलिंडरची फेरतपासणी झाली पाहिजे.

ही सक्ती कायद्याची आहे. १८८४ चा स्फोटक पदार्थ कायदा मुळात दारूसारख्या पदार्थांसाठी होता. १९३८ मध्ये धातूच्या पात्रात दाबून भरलेला वायूही त्याच्या कक्षेत आला. त्याखालील नियमांचा अंमल नागपूरला मुख्यालय असलेली ‘पेसो’, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, पाहते.

पोलाद वाचविण्यासाठी अभियंत्याला सिलिंडरचा पत्रा हवा तसा पातळ करता येत नाही; आराखड्यास या संघटनेची मान्यता लागते. शिवाय सिलिंडरमध्ये पाणी भरून दर चौरस सेंटिमीटरला २५ किलोग्रॅम दाब देतात. पाणीच का? वायूप्रमाणे ते दाबाने फारसे आकसत नाही. त्यामुळे पात्र फुटलेच, तरी वायूसारखा मोठा स्फोट होत नाही.

जाडीचे गणित अभियंता करतो. ते प्रत्येक कारखान्याने पाळावे, हे कायदा पाहतो. पुढचे सिलिंडर घेताना ते अक्षर अवश्य वाचा. मुदत उलटलेली असल्यास सिलिंडर परत करा.