प्रथम वर्षाचा ताणाबाणा

आपले बऱ्हाणपूर यंत्रमागांचे गाव. मागावर आधी उभा ताणा लावतात, मग आडवा बाणा विणतात. महाविद्यालयात नुकत्याच गेलेल्या आपल्या मुलामुलींसाठी यात धडा आहे. अभ्यास हा ताणा, मैत्री हा बाणा. एकाच धाग्याने वस्त्र होत नाही.

बाबेलात तीन वर्षे शिकावयास नेलेल्या दानिएलाने राजाच्या मिष्टान्नाविषयी आरंभीच निश्चय केला. पण तिघा सोबत्यांना सोडले नाही. जिवावर बेतले तेव्हा त्यांनाच प्रार्थनेस बोलाविले.

तरुणांनो, अभ्यासाचे तास पहिल्या आठवड्यातच ठरवा. मग मित्रांत मोकळेपणाने मिसळा. त्या तासांची जो थट्टा करील त्याला नम्रपणे नकार द्या. आणि आपण वडीलधारे, गुणांबरोबरच मुलांच्या मित्रांचीही आस्थेने विचारपूस करू या.